वितरकाचे जाणे : मोटारीतील प्रज्वलनाचा इतिहास आणि जुन्या इंजिनाचे रूपांतर

१

यंत्राच्या सुधारणेचा इतिहास बहुधा सरळ रेषेत सांगितला जातो. आधी ओबडधोबड साधन होते, मग त्याहून बरे आले, शेवटी उत्तम आले, असा त्याचा क्रम असतो. मोटारीच्या इंजिनातील प्रज्वलनाचा, म्हणजे पेट्रोल व हवा यांचे मिश्रण ठिणगीने पेटविण्याच्या युक्तीचा इतिहासही याच पद्धतीने सांगण्याचा प्रघात आहे. प्रथम मॅग्नेटो, नंतर डिस्ट्रिब्यूटर, त्यानंतर इलेक्ट्रॉनिक जुळणी, आणि शेवटी डिस्ट्रिब्यूटरच नाहीसा करणारी आजची पद्धती. हा क्रम ढोबळ मानाने खोटा नव्हे; परंतु तो अपुरा आहे, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विषयाची निवड केवळ कुतूहलाने झालेली नाही. प्रस्तुत लेखकाच्या घरी वडिलांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी गाडी आहे. तिच्या इंजिनातील डिस्ट्रिब्यूटर काढून तेथे इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन बसवावे की नाही, हा प्रश्न घरात काही काळ चर्चेत होता. प्रश्न वरवर पाहता गॅरेजातला. पण तो सोडविताना असे ध्यानात आले, की 'मूळ' म्हणजे काय, आणि एखाद्या वस्तूतील ज्ञान कोठे राहते, हे इतिहासाच्या व भाषेच्या अभ्यासकाचे नित्याचे प्रश्नच येथे निराळ्या वेषात उभे आहेत.

२

प्रथम ठिणगीचा पूर्ववृत्तान्त पाहू. लन्वारने १८६० साली बांधलेल्या वायुइंजिनात रूमकॉर्फ वेटोळ्याच्या साहाय्याने विजेची ठिणगी पाडली जात असे. म्हणजे विद्युत्प्रज्वलन हे या इंजिनांच्या अगदी प्रारंभापासून आहे. ऑटोच्या १८७६ च्या चतुर्घाती इंजिनाने मात्र ज्योतीचा आश्रय घेतला, आणि डाइम्लरने १८८३ च्या सुमारास बाहेरून तापवून लाल केलेल्या नळीने मिश्रण पेटविले. तप्त नळीची युक्ती साधी व विश्वासाची होती. पण मिश्रण नेमके केव्हा पेटेल हे तीत चालकाच्या हाती नव्हते. कार्ल बेंझने १८८६ च्या आपल्या गाडीत पुन्हा बॅटरी व कंप पावणारे वेटोळे वापरले. सुरुवातीच्या तीस वर्षांतच वीज, ज्योत, तप्त नळी आणि पुन्हा वीज अशी ही येरझार झालेली दिसते. सरळ रेषेचा आग्रह येथेच सोडावा लागतो.

श्टुटगार्टच्या रोबेर्ट बॉशच्या कारखान्याने स्थिर इंजिनांसाठी १८८७ पासून कमी दाबाचे मॅग्नेटो बनविले होते. याच कारखान्यात गोटलोब होनोल्ट या अभियंत्याने १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्याला साजेसा स्पार्क प्लग सिद्ध केला. ठिणगी पाडण्यासाठी सिलिंडरच्या आत हलणारे सुटे भाग ठेवण्याची गरज त्यामुळे संपली.

याच सुमारास अमेरिकेत निराळी वाट धरली गेली. ओहायो राज्यातील डेटन येथे रोकड-नोंदणी यंत्रांच्या कारखान्यात काम केलेल्या चार्ल्स केटरिंगने एकच वेटोळे, एकच संपर्क तोडणारी जोडी आणि बॅटरी यांवर चालणारी पद्धती तयार केली, आणि कॅडिलॅकने ती आपल्या १९१० च्या गाड्यांसाठी स्वीकारली. तिचे तत्त्व असे : संपर्क जुळलेले असताना वेटोळ्याच्या प्राथमिक वेढ्यांतून प्रवाह वाहतो व चुंबकक्षेत्र साठते. फिरणारा कॅम संपर्क उघडतो, प्रवाह एकाएकी तुटतो, क्षेत्र कोसळते, आणि दुय्यम वेढ्यांत हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होतो. संपर्कांना समांतर जोडलेला कंडेन्सर त्यांच्यामधील ठिणगी आवरतो व तुटणे झटपट होऊ देतो. वेटोळे एक आणि सिलिंडर अनेक. तेव्हा तो दाब कोणत्या प्लगकडे धाडावयाचा हे ठरविणारा फिरता वाटपकार आवश्यक झाला. तोच डिस्ट्रिब्यूटर.

एकाच उभ्या दांड्यावर येथे तीन कामे बांधलेली आहेत. प्रवाह तोडणे, ठिणगीचे वाटप करणे, आणि तिसरे म्हणजे ठिणगीची वेळ इंजिनाच्या गतीप्रमाणे पुढेमागे करणे. मिश्रण पेटून त्याचा दाब पूर्णत्वास पोचावयास काही काळ लागतो, आणि तो काळ इंजिनाची गती वाढली म्हणून त्या प्रमाणात कमी होत नाही. म्हणून गती वाढेल तशी ठिणगी दट्ट्या वर पोचण्याच्या अधिकाधिक आधी पडावी लागते. संथ गतीला साधारण दहा अंश आधी, तर वेगात तीस अंशांच्या आसपास. हे काम डिस्ट्रिब्यूटरच्या तळाशी असलेली दोन वजने व दोन स्प्रिंगा करतात. गती वाढली की वजने बाहेर फेकली जातात व कॅम थोडा पुढे सरकतो. कमी भाराच्या वेळी विरळ मिश्रण हळू जळते, म्हणून इंजिनातील निर्वाताने ओढला जाणारा एक पडदा आणखी काही अंशांची भर घालतो.

३

येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदविली पाहिजे. डिस्ट्रिब्यूटर नसणे ही अलीकडची कल्पना नव्हे. १९०८ ते १९२७ या काळात तयार झालेल्या आणि दीड कोटींहून अधिक संख्येने विकल्या गेलेल्या फोर्ड मॉडेल टी गाडीत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र वेटोळे होते. चालकासमोरच्या लाकडी पेटीत चार वेटोळी ओळीने मांडलेली असत, आणि वाटप होई ते कमी दाबाच्या बाजूला. उच्च दाबाचा फिरता वाटपकार तीत नव्हताच. आजच्या गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर वेगळे वेटोळे बसवितात. कल्पनेच्या दृष्टीने ती या लाकडी पेटीचीच वंशज होय.

दुसरे उदाहरण फ्रान्समधले आहे. सित्रोएनने १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलेल्या आणि १९९० पर्यंत बनत राहिलेल्या दोन सिलिंडरांच्या लहान गाडीत डिस्ट्रिब्यूटर नव्हता. एकाच वेटोळ्याच्या दुय्यम वेढ्यांची दोन टोके दोन प्लगांना जोडलेली असत, आणि दोन्ही प्लगांत एकाच वेळी ठिणगी पडे. त्यांतील एक सिलिंडर मिश्रण दाबण्याच्या अखेरीस असे व दुसरा जळालेला वायू बाहेर टाकण्याच्या अखेरीस. पहिल्यातील ठिणगी कामी येई, दुसऱ्यातील वाया जाई. पण तिने बिघडत काही नसे.

तेव्हा डिस्ट्रिब्यूटरचे महत्त्व कशात होते? उत्तर तंत्रापेक्षा अर्थकारणात अधिक सापडते. तांब्याच्या तारेचे वेटोळे महाग, आणि फिरणारी दांडी तुलनेने स्वस्त. एक वेटोळे चार, सहा किंवा आठ सिलिंडरांना पुरविता आले म्हणून केटरिंगची पद्धती साठ-सत्तर वर्षे टिकली. जेव्हा अर्धसंवाहक स्वस्त झाले आणि वेटोळीही लहान झाली, तेव्हा हिशेब उलटला.

४

हिशेब उलटण्यास कायद्यानेही हातभार लावला. अमेरिकेतील १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने गाडीने उत्सर्जनाची मर्यादा पाच वर्षे किंवा पन्नास हजार मैल पाळली पाहिजे, असा दंडक घातला. संपर्कांची जोडी हा भाग झिजणारा. तिच्यावरील घर्षणाचा ठोकळा झिजला की फट बदलते, फट बदलली की वेळ बदलते. आणि चुकलेल्या ठिणगीमुळे न जळता बाहेर पडणारे इंधन उत्प्रेरकाचा नाश करते. ट्रान्झिस्टरचे प्रज्वलन १९६३ च्या सुमारास विक्रीस आले होते. पण गरज नसल्याने ते मागे पडले होते. आता ती गरज कायद्याने निर्माण केली. क्रायस्लरने १९७३ पासून आपल्या सर्व अमेरिकी गाड्यांत संपर्कविरहित प्रज्वलन दिले, आणि जनरल मोटर्सने लवकरच तेच केले. बॉशने १९७९ मध्ये इंधन व ठिणगी यांचे नियंत्रण एकाच संगणकाकडे सोपविले. १९८४ साली ब्यूइकच्या टर्बो इंजिनावर डिस्ट्रिब्यूटरच वगळण्यात आला. वेटोळी सिलिंडरांच्या जोड्यांना विभागून देण्याची ही पद्धती पुढे सर्वत्र पसरली.

भारतात हे बदल उशिरा पोचले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात तयार होणारी फियाट, पुढे पद्मिनी, आपल्या दीर्घ आयुष्यात कार्ब्युरेटर व संपर्क यांच्याच युगात राहिली. एप्रिल २००० पासून 'इंडिया २०००' ही उत्सर्जन-मानके लागू झाली, आणि त्या युगाची अखेर जवळ आली. मुंबईच्या रस्त्यांवरून काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर कायमच्या उतरल्या.

५

आता रूपांतराकडे वळू. यासाठी एक सर्वपरिचित उदाहरण घेणे सोयीचे होईल : ऑस्टिन ए-तीस गाडीतून १९५१ साली अवतरलेले, पुढे मॉरिस मायनर व मिनी यांत बसविलेले ब्रिटिश ए-मालिकेचे चार सिलिंडरांचे इंजिन. त्यावर फोर्डच्या नव्वदीतील गाड्यांमधून मिळणारी इलेक्ट्रॉनिक जुळणी बसविण्याचा परिपाठ हौशी मंडळींत चांगला रुळलेला आहे.

क्रँकशाफ्टच्या पुढील टोकास असलेल्या पुलीवर एक दातेरी चक्र बसवितात. त्यावर छत्तीस दात्यांची जागा असते. पण दाते पस्तीसच. एक दाता मुद्दाम वगळलेला असतो. प्रत्येक दाता दहा अंशांचा. समोर साधारण एक मिलिमीटरच्या फटीवर चुंबक व वेटोळे असलेला संवेदक असतो. दाते जाताना तो क्षीण विद्युत्-लहरी देतो, आणि गाळलेल्या दात्याची पोकळी येताच इंजिन कोठे आहे हे कळते. चार सिलिंडरांसाठी ही पोकळी पहिला दट्ट्या वर येण्याच्या नव्वद अंश आधी संवेदकासमोर यावी अशी चक्राची मांडणी करावयाची असते. म्हणून दट्ट्या अगदी वर येण्याचा बिंदू प्रथम काटेकोरपणे शोधावा लागतो. तेथे झालेली चूक पुढे प्रत्येक ठिणगीत उतरते.

ठिणगी किती अंश आधी पाडावयाची हे फोर्डची पेटी स्वतः ठरवीत नाही. दुसरा एक लहान संगणक तिला एका स्पंदाच्या लांबीने ते सांगतो. त्याचा नियम असा की, पंधराशे छत्तीस मायक्रोसेकंदांतून दर अंशामागे २५.६ वजा करावयाचे. दहा अंशांसाठी स्पंद १२८० मायक्रोसेकंदांचा होतो, तीस अंशांसाठी ७६८ चा. हा संदेश आलाच नाही, तर पेटी दहा अंशांवर ठिणगी पाडत राहते व गाडी कशीबशी घरी पोचते. संगणकात गती व भार यांचे दहा गुणिले दहा अशा शंभर घरांचे कोष्टक असते, आणि प्रत्येक घरात अंशांचा एक आकडा. वजने, स्प्रिंगा व पडदा यांचे काम हे शंभर आकडे करतात.

वेटोळी दोन असतात. एक व चार हे दट्ट्ये एकत्र वर येतात, दोन व तीन एकत्र. त्यामुळे सित्रोएनची वाया जाणारी ठिणगी येथे पुन्हा भेटते. क्रँकशाफ्टच्या स्थितीवरूनच सारे काम भागते. कोणता सिलिंडर कोणत्या घातात आहे हे पाहण्याची आवश्यकता राहत नाही.

यात लाभ किती? मिनिटाला सहा हजार फेऱ्या असताना चार सिलिंडरांना सेकंदाला दोनशे ठिणग्या लागतात. एकाच वेटोळ्याला एका ठिणगीसाठी पाच मिलिसेकंद मिळतात, आणि त्यांतही संपर्क जुळलेले असतात तेवढाच काळ ते भरले जाते. दोन वेटोळी असली की प्रत्येकाला दहा मिलिसेकंद मिळतात. शिवाय डिस्ट्रिब्यूटर क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरत असल्यामुळे त्याच्या दांड्यातील एका अंशाची ढिलाई इंजिनात दोन अंशांची होते. झिजलेल्या बुशामुळे चारही सिलिंडरांची वेळ वेगवेगळी पडते. पुलीवरील चक्राला हा दोष नाही.

सावधगिरीचे मुद्देही आहेत. संवेदकाची पट्टी लवचिक असता कामा नये. उच्च दाबाच्या तारा रोधयुक्त हव्यात, नाहीतर त्यांची विद्युत्-गडबड संवेदकाला फसविते. जुन्या गाड्यांच्या गंजलेल्या अर्थ-जोडण्या प्रथम सुधाराव्या लागतात. ए-मालिकेत तेलाचा पंप कॅमशाफ्टच्या मागील टोकावर चालतो, म्हणून डिस्ट्रिब्यूटर काढून भोक बुजविले तरी चालते; पण १९५५ च्या शेव्रोले व्ही-आठसारख्या इंजिनात तेलाचा पंप डिस्ट्रिब्यूटरच्याच दांड्याने फिरतो. तेथे तो दांडा अविचाराने काढणे म्हणजे इंजिनाचा नाश होय. कोष्टकात अंश वाजवीपेक्षा अधिक भरले तर इंजिन ठोकू लागते व दट्ट्ये फुटतात.

एक गोष्ट विशेष उल्लेखनीय आहे. याच ए-मालिकेच्या इंजिनातून १९९६ नंतरच्या शेवटच्या मिनी गाड्यांत खुद्द कारखान्यानेच डिस्ट्रिब्यूटर काढून दोन वेटोळ्यांची जुळणी बसविली होती. म्हणजे आजचा हौशी कारागीर जे करतो, ते त्या इंजिनाच्या वंशावळीच्या बाहेरचे नाही.

६

आता भाषेसंबंधी थोडे. 'डिस्ट्रिब्यूटर' या शब्दाला 'वितरक' हा प्रतिशब्द सहज सुचतो. परंतु मराठी वाचकाच्या मनात तो वृत्तपत्राच्या किंवा सिलिंडरच्या वितरकाची आकृती उभी करतो. गॅरेजात तो शब्द कधी शिरला नाही. स्पॅनिश भाषेत मात्र मोठा मौजेचा प्रकार घडला. केटरिंगच्या डेटन येथील कंपनीच्या नावाची आद्याक्षरे जोडून झालेला 'डेल्को' हा शब्द तेथे डिस्ट्रिब्यूटरचे सामान्यनामच बनला आणि कोशातही गेला. आपल्याकडे वनस्पती तुपाला 'डालडा' म्हणतात, त्याच जातीची ही घटना.

नव्या पद्धतीचे इंग्रजी नाव 'डिस्ट्रिब्यूटर नसलेली' असे अभावदर्शक आहे. अशी नावे संक्रमणकाळात जन्मतात. मोटारीला प्रथम 'घोड्याविना गाडी' म्हटले गेले. घोडे विस्मृतीत गेले व नावही गेले. 'बिनतारी' हा आपला उत्तम शब्द मात्र तार अवतीभोवती राहिली म्हणून टिकला. अभावदर्शक नाव जोवर वापरात आहे, तोवर ज्याचा अभाव आहे ती वस्तू लोकांच्या स्मरणात आहे, असे म्हणावयास हरकत नाही. आज नवी गाडी घेणारा कोणी 'डिस्ट्रिब्यूटर नसलेली' असे म्हणत नाही. हा शब्द उरला आहे तो केवळ रूपांतर करणाऱ्यांच्या बोलीत. कारण तेवढ्यांच्याच हातून तो वस्तुतः काढला जातो.

गॅरेजातील क्रियापदेही लक्षात घेण्याजोगी आहेत. टायमिंग 'लावतात', 'पुढे घेतात', 'मागे घेतात', गाडी 'मिसिंग' करते, पॉइंट 'घासतात'. ही सारी क्रियापदे हाताची आहेत. आमच्या भागातील एक वृद्ध उस्ताद पॉइंटची फट काडेपेटीच्या पुठ्ठ्याने मोजीत, बारा व्होल्टचा दिवा लावून डिस्ट्रिब्यूटर हाताने फिरवीत, आणि दिवा पेटेल त्या क्षणी पेच आवळीत. शेवटी गाडी चढावर नेऊन, कान देऊन, पुन्हा अर्धा अंश मागे घेत. हे सारे आमच्या देखत घडे. शंभर घरांच्या कोष्टकात त्यांनी शिकविण्यासारखे काही कमी नव्हते. पण कोष्टक त्यांना वाचता येत नव्हते, आणि त्यांना येत होते ते कोष्टकाला विचारता येत नव्हते.

७

मूळपणाचा प्रश्न केवळ भावनेचा नाही. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये जुन्या गाड्यांच्या नोंदणीसंबंधी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जतन केलेली, आणि सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत भरीव फेरफार न झालेली गाडी त्यांत 'व्हिंटेज' मानली आहे. डिस्ट्रिब्यूटर काढणे हा भरीव फेरफार की किरकोळ दुरुस्ती, हा अर्थनिर्णयाचा प्रश्न होय.

अशा प्रश्नावर पाठचिकित्सेच्या शास्त्राने फार पूर्वी विचार करून ठेवला आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. संपादकांनी संहिता निश्चित केली; परंतु जे पाठ स्वीकारले नाहीत ते पुसून टाकले नाहीत, तळटीपांत जसेच्या तसे ठेवले. पुढील अभ्यासकाला निर्णय पुन्हा तपासता येतो, तो यामुळेच. रूपांतरालाही हाच दंडक लावावा, असे आम्हांस वाटते. नवे भोक पाडू नये. मूळ तारा कापू नयेत. काढलेला डिस्ट्रिब्यूटर तेल लावून, त्याची स्प्रिंग व वजने यांसह, जपून ठेवावा. आणि कोष्टकातील आकडे कागदावर उतरवून गाडीच्या पुस्तकात घालावेत. शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. धातूतील ज्ञान उघडून पाहता येते. मापून, तोलून पुन्हा घडविता येते. छोट्या पेटीतील आकडे पेटी बिघडली की निरुत्तर होतात. पन्नास वर्षांनी कोणी ही गाडी उघडली, तर त्याला वजने सापडतील, पण शंभर आकडे सापडणार नाहीत, असे होऊ नये.

घरच्या पद्मिनीविषयी निर्णय अखेर झाला तो असा. चक्र पुलीवर पेचांनी बसविले आहे, वेटोळी जुन्या पट्टीवर आहेत, आणि डिस्ट्रिब्यूटर जागेवरच ठेवला आहे. त्याची तार तेवढी सोडविली आहे. इंजिन चालू असताना रोटर झाकणाखाली पूर्वीप्रमाणेच फिरत असतो. त्याला वाटावयास काही नसते. एका संध्याकाळी दोन तारा बदलून तो पुन्हा कामाला लावता येईल. उस्ताद आता हयात नाहीत. त्यांनी शेवटची लावलेली वेळ डिस्ट्रिब्यूटरच्या मानेवर खुणेने कोरलेली आहे, आणि कोष्टकातील प्रारंभीचे आकडे त्या खुणेवरूनच मोजून घेतले आहेत.